वसतिगृहाला कुलूप लावले म्हणून साथ थांबली काय?

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. त्याआधीच विद्यापीठांच्या प्रवेशद्वारांवरील तापमापक यंत्रे कपाटात गेली होती आणि जमिनीवर रंगवलेली वर्तुळे पुसट झाली होती. 'आम्ही खबरदारी घेतली' असा शेरा अहवालात लिहून प्रशासन मोकळे झाले. पण एक हिशेब राहून गेला आहे. साथीच्या काळात विद्यापीठाच्या आवारात आरोग्याच्या नावाने जे निर्णय झाले, त्यांतून कोण वाचले आणि कोण बाहेर फेकले गेले, हा तो हिशेब. तो मांडण्याची गरज प्रस्थापितांना वाटत नाही, कारण त्यांची मुले आपापल्या घरी, आपापल्या खोलीत, आपापल्या संगणकासमोर बसली होती. आपल्याला मात्र तो मांडावाच लागेल.

हा विषय आज काढण्याचे आणखी एक कारण आहे. बाविसाव्या विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपला २८६ वा अहवाल केंद्र सरकारला सादर केला. १८९७ चा साथरोग कायदा आजच्या काळाला अपुरा आहे, त्यात सुधारणा करावी किंवा नवा सर्वंकष कायदा आणावा, साथीचा मुकाबला करण्यासाठी आधीच योजना आणि कार्यपद्धती ठरवून ठेवावी, असे आयोगाने सुचवले आहे. म्हणजे पुढच्या साथीचे नियम आज ना उद्या लिहिले जाणार आहेत. ते लिहिताना वसतिगृहात राहणारा विद्यार्थी, भोजनगृहात भाकरी करणारी बाई आणि संडास साफ करणारा कंत्राटी कामगार कोणाच्या डोळ्यांसमोर असणार आहे काय? आपण गप्प राहिलो तर नसणार, हे २०२० च्या अनुभवावरून सांगता येते.

कायदा १८९७ चा आणि सावित्रीबाईही १८९७ च्याच

मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान घातले तेव्हा इंग्रज सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा केला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. सरकारला वाटेल ते उपाय करण्याचा अधिकार, न ऐकणाऱ्याला भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली शिक्षा आणि अधिकाऱ्यांना संरक्षण, एवढाच त्याचा ऐवज. साथीत माणसाला काय मिळाले पाहिजे याबद्दल त्यात एक ओळही नाही. अन्न, निवारा, औषध, मजुरी यांतले काहीच नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात हाच कायदा लागू करण्यात आला. त्याच वर्षी त्यात दुरुस्ती झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना शिक्षा देण्यासाठी. ती दुरुस्ती योग्यच होती. परंतु सामान्य माणसाच्या हक्काची जागा त्यानंतरही कोरीच राहिली.

त्याच १८९७ सालात, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले यांनी साथीचा मुकाबला कसा करावा याचा दुसरा वस्तुपाठ घालून दिला. यशवंतराव डॉक्टर होते. हडपसरजवळच्या माळावर गावाबाहेर मोकळ्या हवेत त्यांचा दवाखाना उभा राहिला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रुग्णाला वेगळे ठेवणे त्यांनाही मान्य होते, प्लेगमध्ये ते आवश्यकच होते. पण वेगळे ठेवणे म्हणजे टाकून देणे, असा अर्थ त्यांनी केला नाही. वेगळे ठेवायचे तर त्याची जागा, त्याचे अन्न आणि त्याची शुश्रूषा आपल्या अंगावर घ्यायची, हा त्यांचा मार्ग होता.

२०१४ साली पुणे विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव मिळाले. मराठवाड्यात बाबासाहेबांच्या नावासाठी आपल्या माणसांनी रक्त सांडले. नावे मिळाली, ती मिळवावी लागली. आता प्रश्न असा की २०२० साली महाराष्ट्रातील विद्यापीठांनी १८९७ मधला कोणता वारसा चालवला, सावित्रीबाईंचा की चार कलमांच्या कायद्याचा?

'खोल्या रिकाम्या करा'

मार्च २०२० च्या मध्यापासून देशभरातील विद्यापीठे आणि महाविद्यालये बंद होऊ लागली. बहुतेक ठिकाणी पहिला आदेश निघाला तो वसतिगृहे रिकामी करण्याचा. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि रेल्वे, एसटी सारेच ठप्प झाले. ज्यांना गाव गाठता आले ते गेले, काहींना गाठता आले नाही. पुढे अनेक शासकीय वसतिगृहे विलगीकरण केंद्रे म्हणून ताब्यात घेण्यात आली. रुग्णांसाठी जागा हवी होती, हे कोणी नाकारणार नाही. पण त्या खोल्यांत विद्यार्थ्यांच्या पेट्या, पुस्तके, गाद्या आणि प्रमाणपत्रे होती. मुख्य म्हणजे अभ्यासाला लागणारी एवढी एकच जागा त्यांच्या आयुष्यात होती.

वसतिगृह ही आपल्या मुलांसाठी झोपण्याची सोय एवढीच गोष्ट कधीच नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह काढले. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह सुरू केले. संस्था नवी, पैशाची चणचण, तरी पहिल्या कामांत वसतिगृह होते. कारण उघड आहे. ज्या घरात दिवा नाही, कोपरा नाही, आणि मूल डोळ्यांसमोर दिसले की शेतावर किंवा मजुरीला जावे लागते, त्या घरात राहून उच्च शिक्षण होत नाही. शंभर वर्षांनी दिवा आला, पण सगळ्या घरांत कोपरा आलेला नाही.

आकडे सरकारचेच आहेत. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, देशातील केवळ १०.७ टक्के घरांत संगणक होता आणि २३.८ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. ग्रामीण भागात हेच प्रमाण अनुक्रमे ४.४ आणि १४.९ टक्के होते. त्यानंतर स्वस्त मोबाईल वाढले हे खरे. पण पाच माणसांच्या घरात एक मोबाईल, तोही बापाबरोबर कामावर जाणारा, एवढ्यावर पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण करा असे सांगणे म्हणजे नुसती थट्टा आहे. ही आकडेवारी शासनाच्या दप्तरात असतानाच 'घरी जा आणि ऑनलाइन शिका' हा आदेश निघाला होता.

त्यात विद्यापीठाने आजाराची जोखीम कमी केली काय? आवारातली केली. ती जोखीम उचलून वस्तीत, एका खोलीच्या घरात, म्हाताऱ्या आजीच्या खाटेशेजारी नेऊन ठेवली. विद्यापीठाच्या अहवालात रुग्णसंख्या शून्य दिसली, कारण मोजायला आवारात कोणी उरलेच नव्हते.

परीक्षेचा गोंधळ

मग सुरू झाला परीक्षेचा वाद. महाराष्ट्राच्या राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जून २०२० मध्ये अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याचा पवित्रा घेतला. विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलैला सुधारित सूचना काढून सप्टेंबरअखेर परीक्षा घ्याच, असे बजावले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने निकाल दिला की साथीच्या कारणाने राज्य परीक्षा पुढे ढकलू शकते, पण परीक्षा न घेता पदवी देता येणार नाही. अखेर ऑक्टोबरमध्ये बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा झाल्या, बव्हंशी ऑनलाइन.

या वादात दोन्ही बाजूंनी भरपूर बोलले गेले. परीक्षा हवी म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा आपल्यालाही विचारात घ्यावा लागतो. परीक्षेविना मिळालेल्या पदवीवर 'कोरोना बॅच' असा शिक्का बसला असता आणि मुलाखतीच्या टेबलावर त्याची झळ सर्वांत आधी आरक्षणातून शिकलेल्या मुलांना लागली असती. गुणवत्तेच्या नावाने आपल्याकडे संशयाने पाहण्याची सवय या देशात जुनी आहे. पण परीक्षा हवी की नको, या राजकीय कुस्तीत चार-पाच महिने गेले. परीक्षा द्यायला मूल कोठे बसणार, नेटवर्क कोठून आणणार, तालुक्याच्या गावाला पोचणार कसे, वसतिगृहातील त्याची पुस्तके कोण देणार, हे प्रश्न दोन्ही बाजूंच्या भाषणांत शेवटच्या ओळीत आले किंवा आलेच नाहीत. वसतिगृहातील निम्म्या खोल्या जरी गरजू मुलांसाठी उघडल्या असत्या, तरी त्या वादातील अर्धी धार बोथट झाली असती.

ज्याला ताप त्याने जावे कोठे?

५ नोव्हेंबर २०२० रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठे पुन्हा उघडण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. हा दस्तऐवज चळवळीतल्या प्रत्येक विद्यार्थी कार्यकर्त्याने नीट वाचण्यासारखा आहे. मास्क, अंतर, हात धुणे, एका वेळी ५० टक्क्यांहून अधिक विद्यार्थी नकोत, बाहेरगावहून आलेल्याने चौदा दिवस विलगीकरणात राहावे, हे सारे त्यात होते आणि त्या वेळच्या माहितीप्रमाणे ते ठीकच होते. खरी मेख पुढे आहे.

पहिली मेख अशी की वसतिगृहे आवश्यक तेथेच उघडावीत आणि एका खोलीत एकापेक्षा अधिक विद्यार्थी ठेवू नयेत. आरोग्याच्या दृष्टीने हा नियम बरोबर आहे. पण आपल्या वसतिगृहांत एका खोलीत तीन-तीन, चार-चार मुले राहतात. म्हणजे जागा एकदम तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर आली. उरलेल्या जागा कोणाला द्यायच्या? सूचनांत आधी परतणाऱ्यांमध्ये संशोधक, विज्ञान-तंत्रज्ञानाचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि नोकरीसाठी मुलाखती असलेले अंतिम वर्षाचे विद्यार्थी होते. प्रयोगशाळा घरी नेता येत नाही, हे कारण पटण्याजोगे आहे. परंतु घरात बसायला जागा नाही, वीज नाही, नेटवर्क नाही, ही गरज त्या यादीत मोजलीच गेली नाही. मराठी, इतिहास, समाजशास्त्र, समाजकार्य शिकणारी आपली मुले-मुली सर्वांत मागे राहिली. विद्याशाखा पाहिली गेली, घर पाहिले गेले नाही.

दुसरी मेख त्याहून गंभीर. लक्षणे असलेल्या विद्यार्थ्याला कोणत्याही परिस्थितीत वसतिगृहात राहू देऊ नये, असे त्या सूचनांत होते. ताप आलेल्या मुलाने मग जावे कोठे? गडचिरोली, नंदुरबार किंवा मेळघाटातून पुण्या-मुंबईला आलेला आदिवासी विद्यार्थी तापाने फणफणत एसटीत बसून घरी जाणार काय? वाटेत किती जणांना देणार? घरी पोचल्यावर जवळच्या आरोग्य केंद्रात कोण असणार? विलगीकरणाच्या सोयीचा उल्लेख त्याच सूचनांत होता, पण ती सोय आधी करा आणि मग वसतिगृह उघडा, असे कोणाच्या मानेवर बसून सांगितले गेले नाही. अशा नियमाचा दुसरा परिणाम प्रत्येक वॉर्डनला ठाऊक असतो. ताप सांगितला की खोली जाणार, हे कळले की मुले ताप लपवतात. पॅरासिटामॉल घेऊन प्रवेशद्वारावरच्या तापमापकासमोर उभी राहतात. रोग लपवायला भाग पाडणारा नियम आरोग्याचा नियम राहत नाही.

त्याच नोव्हेंबर महिन्यात दिल्लीच्या एका नामांकित महाविद्यालयात शिकणाऱ्या तेलंगणातील विद्यार्थिनीने आत्महत्या केली. वडील मोटारसायकल दुरुस्त करणारे. शिष्यवृत्ती थकलेली, संगणकाची सोय नाही आणि वसतिगृह सोडण्याची सूचना आलेली, असे तिच्या घरच्यांनी आणि सहाध्यायांनी सांगितले. आत्महत्येमागे एकच कारण शोधणे चुकीचे असते. पण साथीच्या काळात विद्यार्थ्यांचे आरोग्य म्हणजे केवळ फुप्फुसांचे आरोग्य नव्हे, एवढा धडा त्या मृत्यूने द्यायला हवा होता.

हवा महत्त्वाची, फवारा नव्हे

आता खबरदारीच्या शास्त्राकडे वळू. पहिल्या वर्षी विद्यापीठांचा खर्च आणि लक्ष कोठे गेले, ते आठवून पाहा. दारात कपाळावर धरायचे तापमापक, सोडियम हायपोक्लोराइटचे फवारे, पायाने दाबायच्या सॅनिटायझरच्या बाटल्या, बाकांवर फुल्या. यांतल्या हात धुण्याचा उपयोग निश्चित आहे. पण हा विषाणू मुख्यत्वे हवेतून, बंद आणि कोंदट जागेतून पसरतो, हे २०२१ पर्यंत स्पष्ट झाले होते. केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने २० मे २०२१ रोजी काढलेल्या सूचनापत्रकात खेळत्या हवेवर भर दिला आणि सूक्ष्म तुषार हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, असे सांगितले. खिडकी उघडा, समोरासमोर हवा खेळती ठेवा, पंखे नीट लावा, असे साधे उपाय त्यात होते.

मद्रास आयआयटीचे उदाहरण पाहा. डिसेंबर २०२० मध्ये तेथे आठशेहूनही कमी विद्यार्थी आवारात होते. तरी काही दिवसांत सत्तरहून अधिक जण बाधित निघाले आणि लवकरच आकडा शंभराच्या पुढे गेला. संशयाची सुई वळली ती सामाईक भोजनगृहाकडे. जेवताना मास्क काढावाच लागतो, रांगेत आणि टेबलावर माणसे एकत्र येतात. नंतर जेवण डब्यातून खोल्यांवर पोचवण्यात आले. पैसा, डॉक्टर, मोठे आवार, मोजके विद्यार्थी असे सगळे असताना एका भोजनगृहाने सारे नियोजन कोलमडवले. मग जेथे दोनशे मुले पत्र्याच्या शेडमध्ये एका वेळी जेवतात, त्या शासकीय वसतिगृहाचे काय?

अमेरिकेतही दोन प्रकारची विद्यापीठे दिसली. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने चॅपल हिलच्या आवारात १० ऑगस्ट २०२० रोजी वर्ग सुरू केले. परतणाऱ्या विद्यार्थ्यांची सरसकट तपासणी केली नाही. आठवड्याभरात १३० विद्यार्थी बाधित झाले आणि १७ ऑगस्टला पदवीचे वर्ग ऑनलाइन करण्याचा निर्णय घ्यावा लागला. याउलट इलिनॉय विद्यापीठाने लाळेवरून करायची स्वतःची चाचणी तयार केली आणि आठवड्यातून दोनदा सर्वांची तपासणी केली. सुरुवातीला तेथेही रुग्ण वाढले, बाधित मुले पार्ट्यांना गेली, तरी तपासणीमुळे साथ आटोक्यात आली आणि सत्र चालू राहिले. प्रत्येक विद्यापीठाला इलिनॉयइतका खर्च झेपणार नाही, हे मान्य. पण शोधा, वेगळे ठेवा, वेगळे ठेवलेल्याची सोय करा आणि बाकीचे काम चालू ठेवा, हे सूत्र पैशाच्या आधी इच्छेचे आहे. कुलूप स्वस्त पडते, म्हणून कुलूप लावले गेले.

आणि ही हवा केवळ कोरोनासाठी हवी असे नाही. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. एका खोलीत चार खाटा आणि एक कधीच न उघडणारी खिडकी, हे चित्र कोरोनाच्या आधीही धोक्याचे होते आणि आजही आहे. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यात गेला. तेव्हाही शाळा-महाविद्यालये काही दिवस बंद ठेवली, मग उघडली, मग सारे विसरले गेले. अकरा वर्षांनी मोठी साथ आली तेव्हा खिडकी तशीच बंद होती.

'अंतर' हा शब्द आणि झाडू मारणारे हात

साथीने 'सोशल डिस्टन्सिंग' हा शब्द घराघरांत पोचवला. सामाजिक अंतर म्हणजे काय, हे या देशात आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. मार्च २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने 'शारीरिक अंतर' हा शब्द वापरायला सुरुवात केली. आपल्याकडे मात्र जुना शब्द चालूच राहिला आणि त्याच्या आडून जुनी मनोवृत्तीही वर आली. 'बघा, पूर्वजांचे सोवळेओवळे किती वैज्ञानिक होते' असे संदेश मोबाईलवर फिरू लागले. सोवळ्यात अंतर रोगापासून नव्हते, माणसापासून होते आणि तेही जन्मभराचे होते. विद्यापीठांनी आपल्या फलकांवर निदान योग्य शब्द लिहायला हवा होता. शब्दांचा अर्थ सांगणे हेच तर त्यांचे काम!

आवार 'बंद' होते, असे आपण म्हणतो. ते सर्वांसाठी बंद नव्हते. सफाई कामगार येत होते, सुरक्षारक्षक दारावर उभे होते. विलगीकरण केंद्र झालेल्या वसतिगृहांतील संडास कोणीतरी धूत होते आणि तेथला कचरा कोणीतरी उचलत होते. हे कोणीतरी कोणत्या समाजातले असतात, हे वाचकांना सांगायला नको. बहुतेक जण कंत्राटावर. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी पगार नाही. अशा माणसाला ताप आला तर तो घरी बसेल काय? बसला तर चूल बंद, आला तर साथ पसरणार. म्हणून सफाई कामगाराची पगारी आजारपणाची रजा हा उपकार नाही, तो साथ रोखण्याचाच उपाय आहे. कुलगुरूंच्या कार्यालयात बसवलेल्या हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रापेक्षा त्याचा उपयोग किती तरी अधिक. ठेकेदाराकडे बोट दाखवून विद्यापीठाला सुटता येऊ नये. काम विद्यापीठाचे, जोखीम विद्यापीठाच्या आवारातली, तर जबाबदारीही विद्यापीठाचीच.

लस आणि आपली जबाबदारी

येथे आपल्या माणसांशीही स्पष्ट बोलले पाहिजे. कोरोना हे थोतांड होते, लस हा कट होता, असे आपल्यातले काही जण अजूनही सांगतात. सरकारी आकड्यांप्रमाणे देशात पाच लाखांहून अधिक आणि महाराष्ट्रात सुमारे १ लाख ४८ हजार माणसे गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२०-२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख जादा मृत्यू झाले. केंद्र सरकारने हा अंदाज अमान्य केला आहे. कोणताही आकडा घ्या, वस्तीवस्तीत माणसे गेली आहेत. बाबासाहेबांच्या अनुयायाने पुराव्यावर चालावे. व्यवस्थेवर संशय घ्यायला कारणे भरपूर आहेत, पण तो संशय विज्ञानावर वळवला तर मरतात आपलीच माणसे.

आपली तक्रार लसीबद्दल नव्हती, ती पोचण्याच्या वाटेबद्दल होती. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण सुरू झाले तेव्हा सुरुवातीला ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. ज्याच्याकडे वेगवान इंटरनेट, त्याला लस. मग २० ऑक्टोबर २०२१ पासून महाराष्ट्रात महाविद्यालये उघडली ती दोन्ही मात्रा घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी. त्यानंतर महाविद्यालयांतच लसीकरणाची मोहीम घेण्यात आली, हे चांगले झाले. पण क्रम उलटा हवा होता. आधी मोहीम, तीही पाड्यांवर आणि वसतिगृहांत, आणि मग अट.

शिष्यवृत्ती हीसुद्धा आरोग्याची खबरदारी

केंद्रीय मंत्रिमंडळाने २३ डिसेंबर २०२० रोजी अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांकरिता ५९,०४८ कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. त्यातील ६० टक्के वाटा केंद्राचा. त्याआधीच्या तीन वर्षांत केंद्राचे साहाय्य वर्षाला सरासरी ११०० कोटींच्या आसपास घसरले होते, हे सरकारनेच तेव्हा सांगितले. म्हणजे साथ आली तेव्हा शिष्यवृत्तीची व्यवस्था आधीच अशक्त होती. आजारी माणसाला साथ लवकर गाठते, तसेच हे झाले.

शिष्यवृत्ती वेळेवर आली तर मूल वेगळी खोली घेऊ शकते, पोटभर खाऊ शकते, मोबाईल रिचार्ज करू शकते, ताप आला तर डॉक्टरकडे जाऊ शकते. आली नाही तर ते चार जणांच्या खोलीत पाचवे म्हणून राहते. म्हणून वेळेवर मिळणाऱ्या शिष्यवृत्तीची आणि स्वाधार योजनेच्या रकमेची गणना विद्यापीठाच्या साथ नियोजनात व्हायला हवी. ती समाजकल्याण खात्याची फाईल आहे, आमचा संबंध नाही, असे म्हणून कुलसचिवांनी हात झटकू नयेत.

काय मागायचे?

विद्यापीठात गर्दी कमी करणे चुकीचे होते, असे येथे म्हणायचे नाही. पहिल्या काही आठवड्यांत कोणालाच पुरेसे कळत नव्हते आणि दाटीची वसतिगृहे धोक्याची होतीच. आपला आक्षेप पुढच्या दीड-दोन वर्षांवर आहे. माहिती आली, शास्त्र स्पष्ट झाले, तरी गरज पाहून वसतिगृह उघडण्याचा विचार धोरणात आला नाही.

म्हणून पुढच्या साथीची वाट न पाहता प्रत्येक विद्यापीठाकडून लेखी साथ नियोजन मागितले पाहिजे. त्यात पुढील गोष्टी असल्याच पाहिजेत. वसतिगृह पूर्ण बंद करता येणार नाही. जागा कमी करावी लागली तर ज्याच्या घरी सोय नाही त्याला पहिला हक्क. लक्षणे असलेल्या विद्यार्थ्याला बाहेर काढता येणार नाही. त्याच्यासाठी वसतिगृहातच राखीव खोल्या, जेवण आणि परिचारिका. प्रत्येक खोलीची, भोजनगृहाची आणि वर्गाची हवा आजच तपासावी; कोंदट खोलीत हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण एक हजार भागांच्या वर जाते, ते मोजण्याचे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. भोजनगृहात पाळ्या लावाव्यात आणि शक्य तेथे मोकळ्या अंगणात पंगत. कंत्राटी कामगारांना पगारी आजारपणाची रजा, मास्क, हातमोजे आणि विमा. आणि हे नियोजन करणाऱ्या समितीत वसतिगृहातील विद्यार्थी, समान संधी कक्षाचे प्रतिनिधी आणि सफाई कामगारांचा प्रतिनिधी असलाच पाहिजे.

ही मागणी कोठे करायची, तेही ठरलेले आहे. अधिसभेत आणि व्यवस्थापन परिषदेत आपले प्रतिनिधी निवडून जातात. अर्थसंकल्पाच्या सभेत त्यांनी एकच प्रश्न विचारावा: पुढची साथ आली तर आपल्या वसतिगृहातील तापाने आजारी मुलगी रात्री कोठे झोपेल? या प्रश्नाला खोलीच्या क्रमांकासह उत्तर मिळेपर्यंत त्यांनी खाली बसू नये. विधी आयोगाच्या अहवालावर पुढे जो कायदा येईल, त्याच्या मसुद्यावर आपल्या विद्यार्थी संघटनांनी, वकिलांनी, डॉक्टरांनी लेखी सूचना पाठवाव्यात. जयंतीच्या वर्गणीतून एक रक्कम बाजूला काढून आपापल्या शहरातील वसतिगृहांची पाहणी करावी. खिडक्या मोजाव्यात, खाटा मोजाव्यात, संडास मोजावेत आणि ते आकडे वर्तमानपत्रांकडे पाठवावेत.

पुढची साथ कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा पहिला आदेश पुन्हा 'खोल्या रिकाम्या करा' असाच निघणार असेल, तर तो निघण्याआधीच त्याला उत्तर तयार असले पाहिजे. ते तयार करण्याचे काम या वर्षीच्या अधिसभेपासून सुरू व्हावे.